बँकॉकमधला मोकळा दिवस: गाडी करावी की नदीची वाट धरावी?

बँकॉक-पट्टायाचं पॅकेज घेतलेल्या आपल्याकडच्या मित्रमंडळींना परतायच्या आधी बहुतेक वेळा एक दिवस मोकळा मिळतो. कार्यक्रमपत्रिकेत त्या तारखेपुढे ‘फ्री डे’ एवढंच छापलेलं असतं. निघायला आठवडा उरला की फोन सुरू होतात. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून गाडी करावी, की बोट-मेट्रोने आपलं आपण फिरावं? लातूर, परभणी, नांदेडकडचे ओळखीचे लोक मला हे विचारतात, कारण आमच्या गटाने दोन्ही करून पाहिलंय. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

ग्रँड पॅलेस म्हणजे तिथला राजवाडा, वाट फो, वाट अरुण (‘वाट’ म्हणजे तिकडचं बौद्ध देऊळ) ही नावं तुम्हाला माहीत आहेत, सफारी वगैरे झालेली आहे आणि खरेदीसाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवलीय, असं धरून चालतो. प्रश्न फक्त या एका दिवसाचा आहे. तो निवांत जायला हवा, मित्रांच्या संगतीत जायला हवा, आणि होईल तेवढं शहर बघायला हवं. ज्यांना सकाळी यादी घेऊन निघायचंय आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर खूण करायचीय, त्यांचं गणित वेगळं आहे आणि त्यांनी सरळ गाडी करावी.

आपला ओढा तसाही गाडीकडेच असतो. तुळजापूर असो, गाणगापूर असो, नाहीतर कुणाच्या पोराच्या लग्नाला जायचं असो, सात-आठ जण जमले की क्रूझर ठरवायची ही आपली रीत. आणि ती चांगली रीत आहे. आपल्याकडे ती जमते कारण गाडी आपण म्हणू तिथे थांबते. रसवंती दिसली की थांबव. ओळखीच्या शेतात हुरडा भाजत असतील तर वळव. ड्रायव्हर आपल्याच पंगतीला जेवतो, देवीच्या रांगेत आपल्याच मागे उभा राहतो. गाडी आणि माणसं अशी दिवसभर एकत्र असतात. बँकॉकला जाऊन गाडी ठरवताना आपल्या डोक्यात हेच चित्र असतं. तिथे मात्र या चित्रातली नेमकी एक गोष्ट बदलते. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी गाडीची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही.

दहा-बारा जणांची व्हॅन हॉटेलच्या दारात येते. पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, औषधांच्या पिशव्या सीटवर टाकायच्या आणि मोकळ्या हातांनी उतरायचं. भाडं माणशी वाटून घेतलं तर कुणी कुरकुर करावी इतकं होत नाही. मग एसी. तापमानाचा आकडा बघितला तर बँकॉक परभणीच्या मे महिन्यापुढे काहीच नाही. पण आपलं ऊन कोरडं असतं. निंबाखाली दहा मिनिटं बसलं की घाम वाळतो आणि माणूस पुन्हा चालायला तयार होतो. तिथे सावलीतसुद्धा घाम वाळत नाही, सदरा दुपारपर्यंत पाठीला चिकटलेलाच राहतो. अशा वेळी थंडगार गाडीत शिरताना जे सुख होतं ते मी नाकारणार नाही.

गाडीने बघूनही जास्त होतं. चायनाटाउनच्या तोंडाशी वाट त्रैमितमध्ये साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. वर चुन्याचा गिलावा असल्याने ती कित्येक वर्षं साधीच समजली जायची आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली होती. १९५५ मध्ये नव्या जागी हलवताना गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. तिथून गाडीने साओ चिंग चा, म्हणजे तो लाल सागवानी उंच झोका, आणि त्याच्या जवळचं १७८४ सालचं ब्राह्मणांचं देवस्थान. मग संगमरवरी मंदिर. ही सगळी ठिकाणं नदीकाठापासून आत आहेत. बोटीने फिरणाऱ्याला ती त्याच दिवसात आरामात जमत नाहीत. आमच्या गाडीच्या दिवशी ती झाली आणि बघण्यासारखीच आहेत.

मग अडलं कुठे? ग्रँड पॅलेसला.

‘पहिला राम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थाई राजाने १७८२ मध्ये राजधानी नदीच्या पूर्व काठावर हलवली, तो हा जुना भाग. एका बाजूला नदी, बाकीच्या बाजूंना खोदलेले कालवे, आणि मध्ये राजवाडा, देवळं, मंत्रालयं, विद्यापीठ. पर्यटकांच्या बशी इथेच लोटतात. राजवाड्याच्या दारात गाडी उभी करून ठेवता येत नाही. ड्रायव्हर उतरवतो आणि कुठेतरी लांब निघून जातो. परत बोलावलं की तो गर्दीतून वळसा घालून येतो, आणि आल्यावर क्षणभरच थांबू शकतो. म्हणजे तो येईल त्या मिनिटाला आख्खा गट कडेला हजर पाहिजे.

आमच्यात अंबाजोगाईकडचे एक गुरुजी होते. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती लांबलचक ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर रामकथा चितारलेली आहे, ओळीने १७८ प्रसंग. थायलंडच्या रामकथेत हनुमान पांढराशुभ्र असतो. गुरुजी एकेका चित्रापुढे उभे राहून तो पांढरा हनुमान शोधत होते. हा सेतू बांधतानाचा प्रसंग, इथे त्याने शेपटीचा पूल केलाय, हा लंकेचा वाडा बघा, त्याच्या छपराला सोन्याचा वर्ख लावलाय. आम्ही दोघं-तिघं त्यांच्यामागे. त्यांनी आयुष्यभर पोरांना रामायण सांगितलेलं, आणि इथे परक्या मुलखात तीच कथा वेगळ्या वेशात भिंतीवर चाललेली. त्यांना तिथे तासभर दिला असता तरी कमी पडला असता.

तेवढ्यात आमच्यातला एक जण लगबगीने आला. “गुरुजी, चला, गाडीवाला फोन करायलाय. पाच मिनिटात येतो म्हणतोय, थांबता येत नाही म्हणतोय.”

गुरुजी काही बोलले नाहीत. चष्मा काढून खिशात ठेवला आणि निघाले. आम्ही सगळे फाटकाबाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. गाडी कुठेतरी सिग्नलला अडकली होती. पाच मिनिटांची बरीच मिनिटं झाली. डोक्यावर ऊन, समोरून बशी, मागून माणसांचा लोंढा, आणि आत ती भिंत. परत जाऊन बघावं तर गाडी कधीही येईल. ड्रायव्हरचा यात काडीचा दोष नव्हता. तो बिचारा तितकाच घामाघूम झाला असेल. जागाच तशी आहे.

मला खटकलं ते हे, आणि दोन्ही पर्यायांमधला निकाल माझ्यापुरता तिथेच लागला. त्यानंतर दिवसभर प्रत्येक ठिकाणी आमच्यातला कुणीतरी आपणहून पहाऱ्यावर राहायला लागला. फोन हातात, नजर रस्त्याकडे. कुठे गेलो तरी पहिला प्रश्न, गाडी कुठे थांबलीय. दुसरा प्रश्न, किती वाजता यायचं. डोकी मोजायची, एक कमी निघाला की दोघांनी त्याला शोधायला जायचं, मग ते दोघं कमी. मित्रांबरोबर आलोय असं वाटायच्या ऐवजी शाळेची सहल काढलीय असं वाटायला लागलं. गाडीत बसल्यावर गप्पा व्हाव्यात, तर सगळ्यांची तोंडं पुढे, शेवटच्या रांगेतल्याला पुढचं काही ऐकू येत नाही, आणि एसी लागला की दहाव्या मिनिटाला निम्म्यांचे डोळे मिटलेले. शहर पडद्याच्या फटीतून सरकत राहतं.

कदाचित तुमचा गट आमच्यापेक्षा वेळेचा पक्का असेल. तुमच्यात भिंतीपुढे रेंगाळणारा कुणी नसेलही. मग तुम्हाला हे इतकं टोचणार नाही.

आता नदीकडचा दिवस. स्काय ट्रेनने, म्हणजे तिथल्या बीटीएसने, सफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की पुलाखालीच साथोर्नचा धक्का आहे. तिथून चाओ फ्राया नदीत ठरलेल्या मार्गाने बोटी चालतात. केशरी झेंड्याची बोट ही तिथल्या माणसांची. नोकरीला जाणारे, कॉलेजची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया. आम्ही गेलो तेव्हा कितीही लांब जा, तिकीट १६ बाथ (बाथ म्हणजे तिथलं चलन) होतं. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांसाठी आहे. तिकीट जास्त, बसायला जागा बरी, ठिकाणांची माहिती सांगतात. दोन्ही चांगल्या आहेत, पण मला केशरीच आवडली. त्या बोटीत शहर आपल्या शेजारी येऊन बसतं.

तिकीट काढायला बाई येते. तिच्या हातात पत्र्याची लांब नळी असते, झाकण उघडझाप करणारी. तीत सुट्टे पैसे आणि तिकिटांची गुंडाळी. ती नळी खटखट वाजवत ती गर्दीतून सरकते आणि कुणी पैसे दिले, कुणी नाहीत हे तिच्या बरोबर लक्षात असतं. मागच्या टोकाला दोर धरून एक पोरगा उभा असतो. धक्का जवळ आला की तो शिटी वाजवतो, वेगवेगळ्या सुरांत, आणि पुढे बसलेला चालक केवळ त्या शिटीवर बोट मागेपुढे घेऊन धक्क्याला लावतो. लांब शिटी, दोन आखूड, पुन्हा लांब. आमच्यातल्या आडत दुकानवाल्या मित्राला त्या शिट्यांचं इतकं वेड लागलं की तो दर धक्क्याला मागे जाऊन उभा राहायचा. बोटीत भिक्खूंसाठी वेगळी जागा राखलेली असते, ती मोकळी सोडायची. बायकांनी त्यांना अंग लागू द्यायचं नाही, एवढं बरोबरच्यांना आधी सांगून ठेवावं.

पाण्यावर वारा असतो. ही बाब ऐकायला किरकोळ वाटते, पण दुपारी बाराला तिचं मोल कळतं. एसीइतका गार नाही, पण अंग मोकळं करणारा. नदीत जलपर्णीचे पुंजके वाहत असतात, आपल्या गोदावरीत नांदेडला दिसतात तसलेच. मध्येच वाळूच्या पडावांची माळ ओढत एक छोटी टग बोट जाते. काठावर एखादं जुनं लाकडी घर, त्याला लागून काचेचं हॉटेल, त्याला लागून मशीद, पुढे चर्च. कुणी सांगायला नसलं तरी शहर कसं वाढत गेलं ते काठावरून कळत जातं.

थांबणं इथेही आहेच, उलट जास्तच आहे. बोट चुकते, पुढची येईपर्यंत धक्क्यावर बसावं लागतं. पण धक्क्यावर छप्पर असतं, पाणी असतं, देवळाजवळच्या धक्क्यांवर लोक माशांना पावाचे तुकडे टाकत असतात आणि पाणी नुसतं खळबळतं. तिथे बसून आमच्या ज्या गप्पा झाल्या त्या आख्ख्या सहलीत झाल्या नाहीत. कुणाचं वेळेचं देणं डोक्यावर नव्हतं. एक जण मागे राहिला तर तो पुढच्या बोटीने येणार, एवढंच.

ता तियनच्या धक्क्याला उतरून वाट फोला गेलो. तिथला निद्रिस्त बुद्ध ४६ मीटर लांब आहे. आपण मराठवाड्याचे लोक हा आकडा फार चटकन समजू शकतो, कारण अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती आपण पाहिलेली असते. ती सात मीटरच्या आसपास, आणि आपल्याला तीच केवढी थोरली वाटते. पण मला दोन्हींतला खरा फरक लांबीचा वाटला नाही. अजिंठ्याला मूर्तीच्या खाली रडणारे शिष्य कोरलेले आहेत, अंधार आहे, आवाज दबून जातो. इथे लखलखीत सोनं, आणि भिंतीलगत मांडलेल्या १०८ काशाच्या भांड्यांत लोक एकेक नाणं टाकत जातात त्याचा टणटण आवाज सतत चालू. पावलांच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडणकामात १०८ मंगलचिन्हं आहेत. त्या तळव्यांपाशी जरूर थांबा. गर्दी चेहऱ्याकडे पळते, पायाशी जागा मिळते. आमच्यातल्या संभाजीनगरच्या एका मित्राने तिथे हात जोडून बराच वेळ डोळे मिटले. त्याचं घर बौद्ध, आणि थायलंडहून अजिंठा-वेरूळला येणारे उपासक त्याने लहानपणापासून बघितलेले. उलट दिशेने आपण कधीतरी जाऊ हे त्याच्या मनात तेव्हापासून होतं. त्या दिवशी त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

वाट फोमध्येच थाई मालिशची जुनी शाळा आहे. शरीराच्या नाड्या दाखवणाऱ्या शिळा तिथल्या मंडपांत बसवलेल्या आहेत, आणि या मालिशविद्येला युनेस्कोने २०१९ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतलं. दोघं पाय दाबून घ्यायला गेले, बाकीचे अंगणात झाडाखाली बसलो. गाडीच्या दिवशी हे झालं नसतं. दोघांसाठी सगळी गाडी खोळंबणार, म्हणून त्या दोघांनीच ‘राहू द्या’ म्हटलं असतं. मित्रांच्या गटात अशी ‘राहू द्या’ फार साठतात.

समोरच्या काठावर जायला नाव आहे, पाच बाथ. वाट अरुण लांबून पांढरट-करडा दिसतो आणि फोटोत तर सगळा एकसारखाच वाटतो. जवळ जाऊन भिंतीला नाक लावून बघावं लागतं. सगळा मनोरा चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. बशीचा काठ, वाटीचा बुड, निळ्या फुलाची अर्धी पाकळी, मध्येच शिंपली. तेच तुकडे जुळवून पुन्हा फुलं केलेली. एका पाकळीवर मूळ बशीवरची कुणा चिनी कारागिराची बारीक रेघ तशीच शाबूत होती. वर कोनाड्यात तीन सोंडांच्या ऐरावतावर इंद्र बसलेला आहे, तो मान वर करून शोधावा लागतो. पायऱ्या फार उभ्या आहेत. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी खालूनच बघावं, खालीही भरपूर आहे.

तिथून परत अलीकडे येऊन पाक क्लोंग तलातच्या फुलबाजारात चालत गेलो. मला विचाराल तर आख्ख्या दिवसातली ही जागा सगळ्यात जिवाभावाची, आणि गाडीवाल्यांच्या यादीत ती क्वचितच असते. झेंडूचे ढीग, कमळाच्या कळ्यांचे भारे, बर्फावर ठेवलेला मोगरा. बाया जमिनीवर बसून लांब सुईने हार ओवतात. एका बाईच्या पुढ्यात पांढरी, मेणचट, पाच टोकांची फुलं होती. जवळ जाऊन बघतो तर रुई. आपली बांधावरची रुई. शनिवारी आपण तिच्या पानांची माळ मारुतीला घालतो, आणि तिथे तिच्या फुलांचे मुकुटासारखे मधले भाग सोडवून, मोगऱ्याच्या कळ्यांशेजारी ओवून, बुद्धाला वाहायचे सुबक हार करतात. त्या बाईच्या बोटांचा वेग बघत आम्ही उभेच राहिलो. तिने हसून एक हार गुरुजींच्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत.

पुढे थोड्या अंतरावर पाहुरात आहे, भारतीय लोकांचा बाजार. तिथे सोनेरी घुमटाचा उंच गुरुद्वारा आहे. आमच्यातला नांदेडचा मित्र तिथे पोचल्यावर जो खुलला, तो बघण्यासारखा होता. नांदेडचा माणूस परगावी गुरुद्वाऱ्यात गेला आणि ‘कुठले’ या प्रश्नाला ‘हजूर साहिब, नांदेड’ म्हणाला, की पुढचं काही सांगावं लागत नाही. आतल्या वृद्ध सेवादारांनी त्याचे दोन्ही हात धरले.

जेवणाचं इथेच सांगतो, कारण शाकाहारी गटांची अर्धी चिंता तीच असते. गाडी केली की बहुतेक वेळा ठरलेल्या भारतीय हॉटेलात ठरलेल्या वेळी जेवण होतं. पोट भरतं, कुणी उपाशी राहत नाही, आणि घरच्या म्हाताऱ्यांसाठी ते सोयीचंच आहे. नदीच्या दिवशी पाहुरातला समोसा, पराठा, डाळ-भात मिळतो, आणि वाटेत आंबा-चिकटभात, नारळाचं आइस्क्रीम, कापलेली फळं हवी तितकी. थाई जेवणात माशाचा रस न दिसता पडलेला असतो, म्हणून नुसतं ‘भाजी आहे’ म्हटल्याने भागत नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षराची ‘जे’ची खूण दिसली तर मात्र बिनधास्त जा. त्या जेवणात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो. आमच्यात चातुर्मास पाळणारा एक जण होता, तो त्या गाड्यावर सगळ्यात आधी जेवून मोकळा झाला. साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास तिथे नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो. त्या दिवसांत गेलात तर चायनाटाउनभर या पताकाच पताका दिसतील.

नदीच्या दिवसाच्या उणिवाही सांगायला हव्यात. चालावं लागतं, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त. धक्के पाण्यावर तरंगते असतात, पाऊल टाकताना हलतात, आणि बोट फार वेळ थांबत नाही. शिटी वाजली की चढायचं. सत्तरीतल्या माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला ही घाई बरी नव्हे. कचेऱ्या भरण्या-सुटण्याच्या वेळी बोटीत उभं राहायलाही जागा नसते. पावसाळ्यात दुपारनंतर सर आली की छत्रीचा उपयोग होत नाही. राजवाड्याच्या आसपास ‘पॅलेस आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे बघायचंही नाही. सरळ दाराशी जायचं.

त्यामुळे आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर गाडीच करा, माझी त्याला काही हरकत नाही. शहराबाहेर जायचं असेल तरीही गाडीच. अयुथ्थाया ऐंशीएक किलोमीटरवर आहे. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ती जुनी राजधानी बघायला दिवसभराची व्हॅन घेणंच शहाणपणाचं. तिथे विटांच्या भग्न देवळांजवळ गाडी थांबायला जागा मिळते, आणि रस्त्यात वेळही बोचत नाही. लांब शेपटीची खासगी नाव तासावर ठरवून कालव्यांत फिरण्याचाही एक पर्याय असतो. कालवे सुंदर आहेत, पण त्या इंजिनाच्या आवाजात मित्राशी एक वाक्य बोलता येत नाही, म्हणून मी ती बाजूला ठेवली.

पण गट चाळिशी-पन्नाशीतला असेल, पाय धड असतील, आणि खरोखर निवांत दिवस हवा असेल, तर मी नदीकडेच बोट दाखवीन. माझ्याबरोबरच्या प्रत्येकाला हे पटेलच असं नाही. आमच्यातल्या औषधांच्या दुकानवाल्या मित्राला अजूनही गाडीचाच दिवस जास्त आवडतो, कारण त्याला सोन्याचा बुद्ध बघायला मिळाला. गुरुजींना विचारलंत तर ते वेगळं सांगतील.

मला आज पुन्हा तो दिवस आखायचा असता तर असा आखला असता. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीननंतर तिकीट मिळत नाही, म्हणून पहिली बोट धरून ता चांगच्या धक्क्याला उतरायचं आणि उघडताच आत शिरायचं. तिकीट ५०० बाथ. उन्हं चढायच्या आत ओवरीतली चित्रं निवांत बघायची. पूर्ण लांबीची पँट आणि बाह्यांचा सदरा हवा, हाफ पँटवाल्याला परत पाठवतात. मग दुपारी फुलबाजार आणि पाहुरात, जेवण तिथेच. दोन-अडीचला वाट फोच्या सावलीत, ज्याला झोप येईल त्याने अंगणात डोळा लावायचा. साडेचारच्या पुढे पलीकडे वाट अरुण, तेव्हा पश्चिमेचं ऊन मनोऱ्याच्या मागून येतं आणि अंगणात सावली पडते. केशरी झेंड्याच्या बोटी संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवा. चुकलीच तर अलीकडे येऊन सनाम चाय हे मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं आहे, आणि ते स्टेशनही आतून दरबारासारखं सजवलेलं आहे. २०१९ मध्ये मेट्रो तिथवर आली तेव्हापासून या भागात गाडीवाचून अडत नाही. सकाळी निघताना वीस बाथच्या नोटा आणि सुट्टी नाणी प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी असू द्या. सगळ्यांचे पैसे एकाकडे ठेवले तर गट पुन्हा त्याच्याच मागे फिरायला लागतो.